पडद्याची डावी कड

अख्ख्या खानदेशात सिनेमा बघणाऱ्या माणसांचे दोनच प्रकार होते. पडद्याच्या मधोमध बघणारे, हा एक; आणि माझे सासरे, हा दुसरा. मधोमध नायक कड्याला लोंबकळत असो, नायिका झोपाळ्यावर गात असो, नाहीतर खलनायकाचा अड्डा पेटलेला असो, सासऱ्यांची नजर आपली कडांवर. पडदा दोन्ही बाजूंनी पुरता उघडलाय का, चित्र भिंतीवर सांडत तर नाही ना, माणसं उगाच उंच किंवा उगाच रुंद झाली नाहीत ना, आणि ओठ हलल्यावर शब्द वेळेवर येतो की मागून धापा टाकत येतो, एवढं सगळं तपासता तपासता मध्यंतर व्हायचं. बाहेर आल्यावर कुणी विचारलं, "आबा, कसा होता पिक्चर?" तर ते गंभीरपणे सांगायचे, "उजवीकडून चार बोटं कमी होता." जळगावातल्या एका थेटराचा मॅनेजर तर त्यांना फाटकात बघितलं की आधी चहा सांगायचा आणि मग वर ऑपरेटरला निरोप धाडायचा, की मास्तर आलेत, काच पुसून घे. सासरे चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे निम्मं गाव त्यांना मास्तर म्हणे आणि उरलेलं निम्मं आबा.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो मुलगी बघायला गेलो तेव्हा. मेहरूणला तलावाच्या अंगाला त्यांचं घर. नोकरी कायम आहे का, घर स्वतःचं आहे का, सुपारी वगैरे खाता का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी रिक्षातच घोकून ठेवली होती. आत गेलो तर मुलीचे वडील दिसेनात. टीव्हीच्या मागून धोतरातले दोन पाय तेवढे बाहेर आलेले, आणि तिथूनच आवाज आला, "बसा, बसा. जरा समोर बसा आणि सांगा, ते चाक गोल आहे का?" टीव्हीवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालला होता आणि त्यात एक बैलगाडी उभी होती. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. पाहुण्याच्या घरातली वस्तू वाकडी कशी म्हणायची, म्हणून मी म्हणालो, "गोलच आहे की." मागून आवाज आला, "नीट बघा, जावईबापू. भिडस्तपणाला पुढे सगळा जन्म पडलाय." मी नीट बघितलं आणि भीत भीत म्हणालो, "खालून जरा बसकं वाटतंय." सासरे हातात पेचकस घेऊन बाहेर आले, सदऱ्याच्या खिशातून काचेची एक हिरवी बांगडी काढली, टीव्हीच्या काचेला चाकावर टेकवली, एक डोळा मिटला, आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "पोहे आणा." माझ्या आधी येऊन गेलेल्या स्थळाने चाक गोल असल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याची नुसत्या चहावर बोळवण झाली, हे मला बायकोने लग्नानंतर सांगितलं.

त्या बांगडीचा आणि पेचकसाचा त्यांच्या आळीला फार आधार होता. त्या वेळच्या टीव्हीला मागे एक बारीक खुंटी असे. ती पिळली की चित्र वरून खालून ताणलं जाई किंवा दबलं जाई. कुणाच्याही घरी चित्र बिघडलं की माणूस सासऱ्यांकडे येई. "आबा, आमची बातम्यावाली सुजली," असं म्हणत एकदा शेजारच्या काकू धावत आल्या, तर सासरे जेवणाच्या ताटावरून उठले. बातम्या संपायच्या आत त्या बाईला मूळच्या रूपात आणायची होती. बातम्या देणारी बाई मुळातच गोल चेहऱ्याची असू शकते, हे मात्र त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते चेहऱ्यावर विसंबत नसत. घड्याळ, चेंडू, चाक, भाकरी, काहीतरी गोल पडद्यावर येईपर्यंत ते बांगडी धरून उभे राहत आणि घरातली सगळी माणसं त्यांच्या पाठीमागे माना वाकड्या करून बातम्या ऐकत. कामाचे पैसे विचारले तर म्हणायचे, "पैसे कसले? माणूस आहे तसा दिसावा, एवढंच."

ती बांगडी माझ्या सासूबाईंची. त्यांना मी कधी पाहिलं नाही. आमच्या लग्नाआधीच त्या गेल्या. घरात त्यांचा एकच फोटो होता, आणि त्यात त्या फोटोग्राफरच्या दिव्याला इतक्या दचकलेल्या होत्या की बायको म्हणायची, ही आई नव्हेच, आईचा धसका आहे. सासरे यावलला शाळेत होते तेव्हाची गोष्ट. मुंबईची एक सिनेमा कंपनी तिकडच्या केळीच्या बागेत चित्रण करायला आली. डोक्यावर पाट्या घेऊन चालणाऱ्या बायका हव्या होत्या. मास्तरांची बायको कामाला कशाला जाईल, पण सासूबाई गंमत बघायला गेल्या आणि गंमत बघणाऱ्यांतून टोपीवाल्या साहेबाने त्यांनाच ओढलं. मधे उभं केलं तर त्या हसायला लागल्या. दुसऱ्यांदा केलं, तरी हसू थांबेना. शेवटी साहेबाने त्यांना रांगेच्या अगदी डाव्या टोकाला नेऊन ठेवलं आणि सांगितलं, "चालत राहा, आपसात बोलत राहा, काहीही बोला, आवाज आम्ही मुंबईत भरू." सासरे कॅमेऱ्याच्या पलीकडे उन्हात उभे होते. सासूबाई चालत आल्या, त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलल्या, आणि खूश होऊन दोघं घरी गेली.

सिनेमा लागला तेव्हा दोघं एसटीने जळगावला आली. सासूबाईंनी लग्नातली साडी नेसली होती. पडद्याच्या डाव्या कडेला त्या आल्या, ओठ हलले, आणि मुंबईच्या कुठल्याशा किरकिऱ्या बाईच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मालकिन आ गईं!" सासूबाई हिंदी बोलत नसत आणि मालकीणही कुठे दिसत नव्हती. दोघं पोटभर हसली. पण परतीच्या गाडीत सासूबाई आपले दंड चाचपून बघत होत्या. भुसावळ रस्ता मागे पडला. मग हळूच म्हणाल्या, "माय वं, मी इतली जाड शे?" सासूबाई धुळ्याकडच्या, घरात त्यांची अहिराणीच चाले. यावर कुठलाही नवरा काहीही म्हणाला असता. सासरे म्हणाले, "छे! लेन्स चुकीची बसवली होती त्याने. सगळेच रुंद दिसत होते, नायकसुद्धा. उद्या ऑपरेटरला सांगून नीट बसवून घेतो, परत जाऊ." दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरला. चालतच नव्हता, थेटरवाले तरी काय करणार? पुन्हा तो जिल्ह्यात आला नाही. लेन्स खरोखर चुकली होती की सासऱ्यांनी ऐनवेळी ती वाकडी केली, देव जाणे. पण सासूबाईंना थट्टेचा विषय मिळाला. सासऱ्यांनी भाजीची तारीफ केली, नवी साडी शोभते म्हटलं, की त्या लगेच विचारायच्या, "लेन्स नीट बसाडी का?" असं वर्षानुवर्षं चाललं, आणि मग त्या गेल्या.

सासरे हे सगळं कुणालाही सांगायचे. न्हाव्याला, रिक्षावाल्याला, आम्हाला तर किती वेळा. रडवेपणा नावालाही नाही. एखादं काम राहिलंय, ते करायचंय, असा सूर. तिला एकदा पुरती बघायची, आहे त्या मापात, बस्स. "आणि आबा, त्या खरं काय बोलल्या होत्या?" मी विचारायचो. त्यावर ते बोट वर करायचे. "चित्र पुरतं आलं की सांगेन. ओठ दिसल्याशिवाय शब्द सांगून काय उपयोग?"

शब्दांचा त्यांचा हा हट्ट आमच्या लग्नातही नडला. धुळ्याचा एक व्हिडिओवाला बोलावला होता. त्या काळी लग्नाची कॅसेट म्हणजे माणसांचे ओठ हलताहेत आणि वर सिनेमाची गाणी चालली आहेत, असा मामला असे. सासऱ्यांनी त्याला बजावलं, "गाणी नकोत. जो बोलेल त्याचा आवाज, तो बोलेल तेव्हा." तो पोटतिडकीने म्हणाला, "आबा, लोकांना बरं वाटत नाही हो ऐकून." सासरे ऐकेनात. परिणाम असा झाला की आमची कॅसेट ही दोन्ही घराण्यांतली एकमेव सत्य कॅसेट ठरली. विहारात मंगल परिणय चालू असताना कुणीतरी घोरत असल्याचं तीत स्वच्छ ऐकू येतं. पंगतीत माझी आत्या कॅमेऱ्याकडे बघून गोड हसते आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने शेजारणीला सांगते, "बट्ट्या कच्च्या, वरण पाणचट, आणि वांग्याच्या भाजीत मीठ विसरलेत, पण बोलू नका." हे सगळ्यांनी सगळ्यांसमोर ऐकलं. आत्या पुढे बरेच दिवस आमच्याकडे फिरकली नाही. सासरे मात्र प्रसन्न होते. "ओठ आणि शब्द एकदम," ते म्हणाले, "आणि मीठ खरंच कमी होतं."

पुढे व्हिडिओ लायब्रऱ्यांचं पेव फुटलं, आणि एका दुकानाच्या तळच्या फळीवर मला तो सिनेमा दिसला. मी उडालोच. भाड्याचा व्हीसीआर आणला, आळी जमली, सासरे दाढी करून, स्वच्छ धोतर नेसून समोर बसले. केळीची बाग आली, पाट्या घेतलेल्या बायका आल्या, आणि पडद्याच्या डाव्या कडेला एक कोपर आलं. नुसतं कोपर, वर पाटीचा कोना आणि एक हिरवी बांगडी. कोपर चालत आलं, किरकिरा आवाज म्हणाला, "मालकिन आ गईं!" आणि कोपर निघून गेलं. सिनेमाचं चित्र आडवं, लांबरुंद. टीव्हीची काच चौकोनी. कॅसेट काढणाऱ्यांनी मधलं तेवढं ठेवून दोन्ही बाजू छाटल्या होत्या, आणि डाव्या बाजूबरोबर माझ्या सासूबाईही गेल्या होत्या. सासरे उठले आणि टीव्हीच्या डाव्या अंगाला गाल टेकवून, खिडकीतून डोकावावं तसे काचेत तिरपे बघायला लागले. "आबा, असं नाही दिसत," बायको म्हणाली. सासऱ्यांनी ते कोपर पुन्हा लावायला सांगितलं. पुढे व्हीसीआर आणि कॅसेट दोन्ही विकतच घेतलं, आणि आलेल्या प्रत्येकाला ते कोपर दाखवण्याचा त्यांना नादच लागला. "ही आमची मंडळी," ते अभिमानाने म्हणायचे, आणि पाहुणा बिचारा कोपराला नमस्कार करायचा. मला हसू यायचं, आणि मी पाठ फिरवून चहा सांगायला आत जायचो.

त्या धुळ्याच्या व्हिडिओवाल्याचं आणि सासऱ्यांचं आता चांगलं जमलं होतं. त्यानेच एक दिवस दुकानातून फोन केला. सासूबाईंच्या माहेराशेजारच्या गावात जत्रा होती, जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, आणि पाटीवर नाव तेच होतं. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि सासरे, पहिल्या गाडीने निघालो. व्हिडिओवाला कॅमेरा खांद्यावर घेऊन धुळ्याच्या स्टँडवर हजर. बेत असा, की पडद्यावरचं सगळं चित्र, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, त्याने कॅमेऱ्यात भरून घ्यायचं. तंबूवाला भला होता. सासऱ्यांनी कोपराची हकीगत सांगितल्यावर त्याने हसून मुभा दिली.

अडचण पडद्याची निघाली. दिवेलागणीनंतर पहिला खेळ. ऑपरेटरने आमच्यासाठी यंत्र आधी चालवून बघितलं, तर पडद्याचं कापड अपुरं. लांबरुंद चित्राची उजवी कड पडद्यावर नीट बसत होती आणि डावी कड कापड सोडून अंधारात पडत होती. तंबूच्या काळपट कनातीवर नुसता उजेड हलताना दिसे. उजवी सोडून डावी धरायची तर यंत्र हलवावं लागत होतं, आणि यंत्र खांबाला आवळलेलं. आत माणसं शिट्ट्या मारायला लागली. ऑपरेटर वैतागला. "आबा, बठ्ठा गाव पडदाले देखी राह्यना, तुम्ही एकलाच कडले देखतस!" सासऱ्यांनी पिशवी उघडली, उद्यासाठी आणलेलं पांढरंशुभ्र धोतर काढलं, आणि पडद्याच्या डाव्या बाजूला गाठी मारून बांधायला लागले. मी वरची गाठ मारली. खालची मारायला काही नव्हतं, आणि वाऱ्याने धोतर फडफडत होतं. तेव्हा सासरे म्हणाले, "तुम्ही समोर जा. तिला नीट बघा. मी धरतो." आणि ते धोतराचं टोक ताणून धरून पडद्याच्या आडोशाला उभे राहिले.

तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही की जो माणूस इतकी वर्षं या चित्रासाठी थांबला, त्याला तिथून चित्र दिसणार नाही. त्यांच्या लक्षात नक्कीच आलं असणार.

केळीची बाग आली. नायक-नायिका, बाग, बायका, सगळं नेहमीच्या पडद्यावर. आणि डावीकडे, माझ्या सासऱ्यांच्या धोतरावर, डोक्यावर पाटी घेऊन, हसू दाबत माझ्या सासूबाई चालत आल्या. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बायकोने माझा हात घट्ट धरला. पुढच्या रांगेतून एक म्हातारी अक्का उठून ओरडली, "माय वं! हाई तं आपली पोर शे!" आणि अर्धा तंबू, जो आतापर्यंत शिट्ट्या मारत होता, टाळ्या वाजवायला लागला. कडेची बाई निघून गेल्यावर सासऱ्यांनी तिकडूनच ओरडून विचारलं, "आली का पुरती?" मी ओरडलो, "आली!" तरी त्यांनी खेळ संपेपर्यंत धोतर सोडलं नाही. न जाणो, ती पुन्हा आली तर?

आठवड्याने कॅसेट आली. मेहरूणच्या घरात दुपारची वेळ होती, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट सासऱ्यांच्या खुर्चीवर येत होतं. टीव्हीच्या काचेवर चित्र मधल्या पट्ट्यात आणि वर-खाली काळे पट्टे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, बिघडला वाटतं!" सासरे म्हणाले, "आजच नीट झालाय." चित्र थरथरत होतं. आवाजाची तर दैना होती: तंबूतली रडणारी पोरं, शेंगदाणेवाला, जनरेटरची घरघर, आणि त्या सगळ्यांतून कुठेतरी सिनेमा. इतकी वर्षं ओठ आणि शब्द जुळवणारा माणूस आता चिडणार, असं मला वाटलं. बागेच्या आधीच्या प्रसंगात बैलगाडी आली तशी त्यांनी खिशातून बांगडी काढली आणि चाकावर ठेवली. चाक लहान, बांगडी मोठी. पण त्यांनी बराच वेळ एक डोळा मिटून बघितलं. "गोल," ते म्हणाले. "आता कुणाला दोष देता येणार नाही."

मग सासूबाई आल्या. पुऱ्या आल्या, डोक्यावरच्या पाटीपासून पायांतल्या चपलांपर्यंत. आणि खरं सांगायचं तर चांगल्याच जाड होत्या. गोलमटोल, ठेंगण्या, हसू आवरता न येणाऱ्या. आम्ही दोघं सासऱ्यांकडे बघत राहिलो. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला समाधानाखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही. "काही चुकली नव्हती त्याची लेन्स," ते हळूच म्हणाले. "अशीच होती. हीच होती."

त्यांनी कॅसेट मागे घ्यायला सांगितली आणि स्वतः उठून टीव्हीचा आवाज पुरता बंद करून परत बसले. खोलीत काही ऐकू येईना. सासूबाई पुन्हा चालत आल्या, कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाकडे तरी बघितलं, त्यांचे ओठ हलले, आणि बरोबर त्या ओठांवर, ना आधी ना नंतर, माझे सासरे बोलले:

"ऊनमा काय उभा राह्यनात? आठे सावलीमा या."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. सासूबाई कडेने निघून गेल्या. सासऱ्यांनी खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघितलं, आणि उठून आपली खुर्ची डावीकडे, सावलीत सरकवून घेतली.